कार्ड पुसण्याचा अधिकार

शूटिंगच्या खर्चाचा कागद तयार झाला की त्यात शेवटून तिसरा-चौथा रकाना ‘डेटा’चा असतो. कॅमेरामन, साउंडवाला, लाइट, गाडी, जेवण आणि मग डेटा. वर्षानुवर्षं मी त्या रकान्यावर काट मारत आलो. पेन उचलावं लागायचंच असं नाही; नुसतं बोट ठेवून ‘हे कायले?’ म्हटलं की समोरचा आपणच तो आकडा खोडायचा. मी अमरावतीत माहितीपट करतो, संस्थांच्या फिल्म करतो, अधूनमधून एखादी शॉर्ट फिल्म. आमच्या बजेटात एका माणसाची हजेरी वाचली तर शूटिंगचा एक दिवस वाढतो. अशा वेळी कार्ड लॅपटॉपला लावून कॉपी मारायला वेगळा माणूस आणायचा, त्याला खोली द्यायची, हा मला मुंबईचा नखरा वाटायचा. आज माझं मत नेमकं उलटं आहे. ते का उलटलं ते लिहून ठेवतो, कारण जुन्या मताची माणसं वऱ्हाडात अजून पुष्कळ आहेत आणि त्यातल्या बऱ्याच जणांना ते मत मीच दिलेलं आहे.

काम काय असतं ते आधी सांगतो. डिजिटल सिनेकॅमेरा ज्या कार्डावर किंवा ड्राइव्हवर चित्र उतरवतो ती वस्तू महाग असते, त्यामुळे युनिटजवळ दोन, फार तर तीन असतात. एक भरलं की ते बाहेर निघतं आणि दुसरं आत जातं. भरलेल्या कार्डातला माल हार्ड डिस्कवर उतरवायचा, कार्ड पुसायचं, पुन्हा कॅमेऱ्याकडे पाठवायचं. दिवसभर ही ये-जा चालते. मोठ्या युनिटात हे करणाऱ्याला डीआयटी म्हणतात, आमच्याकडे डेटावाला. कार्ड पुसलं त्या क्षणापासून सगळ्यांची दिवसभराची मेहनत फक्त त्याच्या डिस्कवर असते, जगात दुसरीकडे कुठेही नसते. हे मला तेव्हाही ठाऊक होतं. पण त्यात कठीण काय आहे, हे मात्र समजत नव्हतं.

माझी सवय लग्नाच्या शूटिंगमधून आलेली. रिसेप्शन आटोपलं की कार्ड रीडरमध्ये घालायचं, सगळं सिलेक्ट करायचं, नवरदेवाच्या आडनावाचं फोल्डर करून त्यात टाकायचं आणि पंगतीला जाऊन बसायचं. परत आल्यावर दोन्हीकडच्या फाइलींची संख्या पाहायची, जीबी पाहायचे. जुळलं की कार्ड फॉरमॅट. या रीतीवर आम्ही कितीतरी सीझन काढले आणि माझ्या माहितीत कधी काही गेलं नाही. ‘माझ्या माहितीत’ हे दोन शब्द पुढे मला फार महाग वाटू लागले, पण तो विषय नंतर.

दुसरं कारण गावाचं. अमरावतीच्या माणसाला सिनेमाच्या सामानाबद्दल जरा जास्तच आत्मविश्वास असतो, आणि तो अगदीच बिनबुडाचा नाही. सी.पी.-बेरार या वितरण क्षेत्राचं हे मोठं ठाणं. या भागातल्या टॉकीजला लागणाऱ्या प्रिंट अमरावतीतल्या वितरकांच्या कचेऱ्यांतून सुटायच्या. या धंद्याच्या संघटनेचं, सेंट्रल सर्किट सिने असोसिएशनचं, मुख्यालय तिकडे भुसावळला. चित्रा, श्याम, सरोज ही टॉकीजची नावं आमच्याकडे चौकांना चिकटली ती चिकटलीच. परत आलेली प्रिंट तपासणारा माणूस मी पोरवयात पाहिलेला आहे. हाताने फिरवायच्या रिवाइंडरवर रीळ चढवायचं, दोन बोटांच्या चिमटीत फिल्मची कड धरायची आणि फिरवत राहायचं. भोक फाटलेलं असलं की डोळ्यांआधी बोटाला कळायचं. किती जोड, किती फूट गायब, कोणत्या टॉकीजमधून आली, सगळं कागदावर चढायचं. तो कागद भरल्याशिवाय पेटी पुढच्या गावाला जात नसे. त्या माणसाबद्दल मला अपार आदर होता. लॅपटॉपसमोर बसून टक्केवारीची पट्टी सरकताना पाहणाऱ्या पोराबद्दल मात्र काडीचाही नव्हता. फिल्म ही वस्तू आहे, तिला ओरखडा पडतो, बुरशी लागते. फाइल म्हणजे नुसते आकडे, ती येते तरी किंवा येत नाही तरी, असं माझं तत्त्वज्ञान होतं.

कॅमेरे बदलत गेले तसतशी या तत्त्वज्ञानाला भोकं पडत होती. मी ती पाहायची टाळत होतो, एवढंच. २००७ साली रेड वन आला तेव्हा त्याचा एकच लांब शॉट कार्डावर चार-चार जीबीच्या तुकड्यांत पडायचा, कारण कार्डाची मांडणी फॅट-३२ होती आणि तिला त्याहून मोठी फाइल पेलत नाही. फोल्डरात फोल्डर, त्यात तुकडे. एक तुकडा राहिला तर शॉट मध्येच तुटतो. सोनीच्या, कॅननच्या कॅमेऱ्यांची फोल्डरांची आपापली उतरंड असते. ‘व्हिडिओ तेवढे घे, बाकीच्या बारक्या फाइली कायले पाह्यजेत’ असं म्हणून आम्ही नुसते व्हिडिओ उचलायचो आणि टाइमकोड, क्लिपचे जोड, कॅमेऱ्याची माहिती मागे ठेवून यायचो. अ‍ॅरीच्या मिनी एलएफचा एक टीबीचा ड्राइव्ह तर नुसता वायर लावून उघडतच नाही. त्याला त्याचा रीडर लागतो आणि कोडेक्सचं सॉफ्टवेअर लागतं. हे सगळं मुंबई-पुण्याहून भाड्याने येणार. रीडर बंद पडला तर दुसरा रात्रीच्या गाडीने निघून सकाळी पोचणार, तोवर युनिट चहा पीत बसणार.

आमच्या भागात खरी क्रांती झाली ती २०१८ नंतर, ब्लॅकमॅजिकचा पॉकेट फोर-के आला तेव्हा. त्याच्या यूएसबी-सी पोर्टला साधी बाजारातली एसएसडी लावायची, थेट तिच्यावरच शूट करायचं आणि तीच काढून लॅपटॉपला लावायची. रीडर नाही, भाडं नाही. कॅमेऱ्याच्या पिंजऱ्यावर रबर बँडने बांधलेली एसएसडी अकोला-अमरावतीच्या पोरांच्या हातात मी ढिगाने पाहिली आहे. मला तर वाटलं, आता डेटावाल्याचा प्रश्नच मिटला.

प्रश्न मिटला नव्हता, जागा बदलून बसला होता. तो कॅमेरा एसएसडी दोन प्रकारे फॉरमॅट करतो, एक्सफॅट किंवा मॅकची एचएफएस प्लस. मॅकच्या पद्धतीने केलेली एसएसडी विंडोजच्या लॅपटॉपला लावा. कधी ती दिसणारच नाही, नाहीतर एक चौकट उघडेल: हा ड्राइव्ह वापरण्याआधी फॉरमॅट करावा लागेल, करायचा का? दोन बटणं, आणि निळी कड आधीच ‘फॉरमॅट’भोवती. आत दिवसभराचं शूटिंग शाबूत आहे, लॅपटॉपला फक्त ती भाषा वाचता येत नाही. पण चौकट असं काही सांगत नाही. रात्री साडेअकराला, डोळे चुरचुरत असताना, एंटर दाबायला किती वेळ लागतो?

आणि केबल. मोबाइल चार्जरची सी-टू-सी केबल आणि एसएसडीची केबल दिसायला जुळ्या बहिणी. चार्जरवाल्या बहुतेक केबलींत डेटासाठी यूएसबी २.०च्याच तारा असतात, म्हणजे सेकंदाला ४८० मेगाबिट, हाती पडतात ३०-४० एमबी. एक टीबी माल त्या वाटेने उतरवायला जवळजवळ आठ तास लागतात. तोच माल साध्या पोर्टेबल हार्ड डिस्कवर योग्य केबलने पावणेतीन तासांत उतरतो, आणि दोन चांगल्या एसएसडींमध्ये त्याहूनही बराच आधी. किती युनिटं निव्वळ चुकीच्या केबलमुळे रात्रभर जागली असतील याची गणती नाही. ‘लॅपटॉप स्लो हाये’ म्हणून लॅपटॉप बदलणारेही मला माहीत आहेत.

तरी मत बदललं नव्हतं. हे सगळे अडथळे मला ‘पोरं शिकतील’ या सदरातले वाटत. मत बदललं ते अकोल्यात, श्रावणातल्या शेवटच्या सोमवारच्या आदल्या रात्री.

वाचकांपैकी जे अकोल्याचे नाहीत त्यांच्यासाठी: या दिवशी राजराजेश्वराला पूर्णेच्या पाण्याचा अभिषेक होतो. मंडळं आदल्या रात्री गांधीग्रामला नदीवर जातात, पाणी भरतात आणि खांद्यावर कावडी घेऊन अनवाणी अठरा-एक किलोमीटर चालत शहरात येतात. मोठ्या भरण्यांच्या कावडी उचलायला माणसांच्या रांगा लागतात. आम्ही त्यावर माहितीपट करत होतो. या वेळी डेटाचा रकाना मी खोडू शकलो नव्हतो, कारण कॅमेरामन अडून बसला होता. त्याने आणलेली मुलगी जठारपेठेतली, पंचविशीची, आणि तिचं ठाणं एका नातेवाइकांच्या घरच्या मागच्या खोलीत. मोटरसायकलवर एक पोरगा गांधीग्रामहून भरलेलं कार्ड आणायचा आणि रिकामं न्यायचा.

रात्री एकच्या सुमारास मी स्वतः गेलो, कारण नदीवरून फोनवर फोन येत होते आणि रिकामं कार्ड काही येत नव्हतं. खोलीत टेबलावर लॅपटॉप, त्याला दोन डिस्क, खाली यूपीएस. पट्टी शंभर टक्क्यांवर पोचलेली दिसत होती.

“झालं ना वं बाई? दे मंग.”

“कॉपी झाली काका. आता जुळवून राह्यली मी.”

जुळवणं म्हणजे काय, तर कॉपी झालेली प्रत्येक फाइल पुन्हा पहिल्यापासून वाचायची, तिच्यातल्या सगळ्या आकड्यांचा हिशेब करून एक ओळ काढायची, आणि मूळ कार्डावरच्या फाइलीची ओळ तीच आहे का पाहायचं. एमडी-५ नावाच्या पद्धतीत ही ओळ ३२ अक्षर-आकड्यांची असते. फाइलीतला एक ठिपका जरी बदलला तरी ओळ पार बदलून जाते. या कामाला कॉपीइतकाच वेळ पुन्हा लागतो. मी म्हटलं, फाइली मोज, जीबी पाह्य, जुळले ना? मग कार्ड दे. त्यावर ती स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाली, “कापसाच्या गाडीचं वजन काट्यावर बरोबरच भरते काका. पन पानी मारलं हाये का नाही, हे काटा सांगते का?”

वऱ्हाडातल्या माणसाला याहून सरळ भाषेत कोणी समजावू शकत नाही. तरी मी हटलो नाही, वय आडवं येतं. तेवढ्यात वीज गेली. पंखा थांबला, यूपीएसने एकदा पीं केलं, आणि काम चालूच राहिलं. मी विचारलं, यूपीएस नसता तर? तिने दुसरा एक जुना लॅपटॉप ओढला. कॅमेऱ्याचं झाकण न काढता चुकून शूट झालेली एक मोठी, बिनकामाची क्लिप तिच्याकडे होती. ती एका रिकाम्या डिस्कवर कॉपीला लावली आणि पट्टी निम्म्यावर असताना सरळ वायर उपटली. परत लावली. फाइलच नव्हती. ‘पाह्य, नाही आली तर नाही दिसत,’ असं मी म्हणणार तोच तिने तेच पुन्हा केलं. या वेळी फाइल होती. नाव तेच. आकार तोच, शेवटच्या आकड्यापर्यंत. प्लेयरमध्ये टाकली तर उघडेना. विंडोज कधीकधी कॉपीच्या सुरुवातीलाच पूर्ण आकाराची जागा राखून ठेवतं आणि मग भरत जातं. मध्येच तोडलं की जागा राहते, माल नसतो. तिने दोन्ही फाइलींच्या ओळी काढून शेजारी ठेवल्या. पहिलं अक्षरच जुळत नव्हतं.

मी कार्ड न घेता नदीवर परत गेलो. कॅमेरामनने तोवर हात आखडता घेऊन शॉट घेतले होते, त्यामुळे चार-दोन गोष्टी सुटल्या असतील, सुटोत. त्या रात्री तिच्याकडे एकही फाइल खराब निघाली नाही. सगळ्या ओळी जुळल्या. म्हणजे रोकड्या हिशेबाने पाहिलं तर माझंच मत खरं ठरलं होतं: न जुळवताही चाललं असतं. आणि तरी सकाळी कावडी शहरात शिरल्या तोवर मी ते मत सोडून दिलेलं होतं.

कारण त्या काळ्या क्लिपने मला एक साधी गोष्ट दाखवली. इतकी वर्षं ‘कधी काही गेलं नाही’ असं मी छातीवर हात ठेवून सांगत होतो, त्याला माझ्याजवळ आधारच नव्हता. कोणी तक्रार केली नाही, एवढाच आधार. लग्नाच्या शेकडो क्लिपांत एक क्लिप उघडली नाही तर एडिटर ती सोडून पुढची घेतो. वरमाईच्या मावशीचा एक शॉट कमी झाला हे वरमाईलाही कळत नाही. मी न हरवल्याचा हिशेब करत होतो, खरं म्हणजे तो न पाहिल्याचा हिशेब होता. रिळाची कड बोटाने चाचपणारा तो माणूस आणि ही मुलगी एकच काम करत होते, आणि मी एकाला सलाम ठोकून दुसरीची हजेरी कापत होतो.

मग मी जरा वाचू लागलो, विचारू लागलो, आणि दुसरी एक समजूतही ढासळली: फिल्म महाग, डिजिटल स्वस्त. शूट करताना ते खरंच आहे. ३५ मिमी फिल्मचा हजार फुटांचा डबा साधारण अकरा मिनिटांत संपतो आणि प्रत्येक मिनिटाला पैसे लागतात. पण सांभाळण्याचं गणित उलटं फिरतं. ऑस्कर देणाऱ्या अमेरिकन अकादमीने २००७ साली ‘द डिजिटल डिलेमा’ नावाचा अहवाल काढला. त्यात एका चित्रपटाची फिल्मवरची मूळ प्रत सांभाळायला वर्षाला १,०५९ डॉलर आणि फोर-के डिजिटल मूळ प्रत सांभाळायला १२,५१४ डॉलर, असा हिशेब मांडला होता. भाव तेव्हाचे आहेत, पण त्यामागचं कारण आजही तेच आहे. फिल्मचा डबा थंड, कोरड्या जागी ठेवला की पुष्कळ काळ पडून राहतो. डिजिटल माल पडून राहू शकत नाही; तो दर काही वर्षांनी नव्या डिस्कवर हलवावा लागतो, हलवताना जुळवावा लागतो, आणि हे कधीच संपत नाही. म्हणजे कॉपी मारणं हे शूटिंगच्या दिवसापुरतं काम नव्हेच. तो दिवस नुसता पहिला.

आता माझ्या मताचा मुख्य मुद्दा. मुंबईचा नखरा म्हणून जे मी हिणवत होतो त्याची गरज मुंबईपेक्षा वऱ्हाडात जास्त आहे. मुंबईत सेटवरचा शॉट गेला तर चार शिव्या घालून, विमा असला तर विम्यातून, पुन्हा सेट लागतो. नट परत येतो. आमच्याकडे शूट होतं ते काय? कावडयात्रा वर्षातून एकदा. मेळघाटातल्या कोरकू म्हातारीने सांगितलेली गोष्ट ती दुसऱ्यांदा तशी सांगत नाही, आणि पुढच्या वर्षी ती असेलच असंही नाही. कापसाच्या शेतात बसून कर्जाचं बोललेला शेतकरी ‘सर, पुन्हा एकदा’ म्हटल्यावर पुन्हा तसंच बोलेल? बोलू नये त्याने.

शकुंतलाच घ्या. मूर्तिजापूरहून एकीकडे यवतमाळ, दुसरीकडे अचलपूर, असा हा अरुंद रुळांचा फाटा. १९९४ पर्यंत तिला वाफेचं इंजिन होतं, मग डिझेल आलं, आणि आता कैक वर्षं गाडी बंद आहे. शेवटच्या काळात तिच्यावर कॅमेरे कमी रोखले गेले नाहीत; देशी-परदेशी हौशी लोक येऊन गेले, आमच्या भागातल्या पोरांनीही शूट केलं. ते शूटिंग आज कोणत्या कपाटात, कोणत्या डिस्कवर आहे, आणि ती डिस्क लागते का? गाडी पुन्हा धावली तरी ती गाडी, ते प्रवासी, रूळ ओलांडायला थांबलेल्या त्या बैलजोड्या परत येणार नाहीत.

गाडगेबाबांचं उदाहरण तर आमच्या घरचं. शेंडगावचा हा माणूस २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ गेला. त्याआधी नोव्हेंबरात मुंबईला वांद्र्यात त्यांनी केलेलं कीर्तन ध्वनिमुद्रित झालं, म्हणून बाबांचा आवाज आज आपल्याला ऐकायला मिळतो. तो टेपवरून कॅसेटवर, कॅसेटवरून सीडीवर, तिथून मोबाइलवर आला. प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी बसून कॉपी केली, ऐकून पाहिली. आणि उलट बाजूला आपल्या सिनेमाचा इतिहास आहे. १९३१चा ‘आलम आरा’, देशातला पहिला बोलपट, आज कुठेही नाही. १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं तोवर कित्येक फिल्म त्यांतल्या चांदीसाठी भंगारात गेल्या होत्या. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि उरल्यातलं आणखी गेलं. एकाच जागी एकच प्रत असली की असं होतं. पीटर क्रोघ नावाच्या अमेरिकन छायाचित्रकाराने यावर तोडगा सांगितला तो आता धंद्यात सगळ्यांच्या तोंडी आहे: तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी.

आमची दुसरी जागा अकोला. शूटिंग संपलं की एक डिस्क अमरावतीत राहते आणि एक अमरावती-अकोला महामार्गाने अकोल्याला, त्या मुलीच्या घरी जाते. २०२२ च्या जूनमध्ये १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबर टाकून गिनीज बुकात गेला तोच हा महामार्ग. विक्रमाचं आम्हाला काय, पण डिस्कला धक्के कमी बसतात हे खरं. दोन गावांत एकाच दिवशी आग लागत नाही, एकाच दिवशी चोरी होत नाही, आणि अकोल्याच्या मोर्णा नदीचं पाणी अमरावतीत शिरत नाही.

कार्ड पुसण्याचा अधिकार आमच्या युनिटात आता एकट्या तिला आहे. मी दिग्दर्शक असलो तरी मला नाही, कॅमेरामनला नाही, घाईत असलेल्या निर्मात्याला तर नाहीच. दोन डिस्कवर माल उतरून दोन्हींच्या ओळी जुळल्या की ती कार्डावर हिरवी चिकटपट्टी लावते. तोवर पट्टी लाल, आणि लाल पट्टीच्या कार्डाला कॅमेऱ्यापर्यंत वाट नाही. पुसायचं ते कॅमेऱ्यातच, लॅपटॉपवर नाही. फोल्डर उचलायचं ते अख्खं, आतलं काही न निवडता. डिस्क लावल्यावर कुठलीही चौकट उघडली तर एंटर दाबण्याआधी हात मांडीवर. चांगल्या केबलींना तिने पांढरी पट्टी गुंडाळली आहे, आणि चार्जरची केबल त्या टेबलावर दिसली तर ती खिडकीतून बाहेर फेकते. एकदा माझीच फेकली. मे महिन्यात, पारा पंचेचाळीसच्या पुढे असताना, एसएसडी तापून मंद होते म्हणून कॉपीचं काम सावलीत आणि कूलरसमोर चालतं, ओल्या वाऱ्यापासून हातभर लांब. यातल्या कशालाही लाखो रुपये लागत नाहीत. जुळवून कॉपी करण्याची सोय दा विंची रिझॉल्व्हच्या फुकट आवृत्तीतही ‘क्लोन टूल’ नावाने आहे, आणि तो प्रोग्राम आमच्याकडच्या जवळजवळ प्रत्येक एडिटरच्या मशीनवर आधीच पडलेला असतो. मीही तो कित्येक वर्षं वापरत होतो. ते बटण कधी दाबलं नव्हतं.

सगळीच मतं बदलली असं मात्र कोणी समजू नये. माल दीर्घकाळ साठवायची एलटीओ टेपची यंत्रं आमच्यासारख्यांनी घ्यावीत असं मला अजूनही वाटत नाही. ती संस्थांनी घ्यावीत. सगळा कच्चा माल इंटरनेटवर चढवून ठेवा म्हणणाऱ्यांनी एकदा चिखलदऱ्याहून एक टीबी चढवून दाखवावा. आणि वारेमाप शूट करणाऱ्या पोरांवरचा माझा राग तर वाढलाच आहे. फोर-केमध्ये प्रोरेस ४२२ एचक्यू वापरलं तर तासाला सव्वातीनशे जीबींच्या वर माल होतो. कॅमेरा बंद करायचा आळस करून तुम्ही जे भरत राहता ते कोणीतरी रात्री दोनदा वाचत बसणार असतं. अकरा मिनिटांचा डबा गेला आणि त्याबरोबर ‘कट’ म्हणायची अक्कलही गेली, हे मी आधीही म्हणत होतो, आताही म्हणतो.

राहता राहिली एक विनंती. शकुंतला, कावडयात्रा, बंद पडलेली टॉकीज, आजोबांचा बैलबाजार, जे काही तुम्ही मिनी-डीव्ही टेपवर, जुन्या फायरवायर डिस्कवर, कुठल्याशा एसएसडीवर टिपलं असेल, ते या दिवाळीत कपाटातून बाहेर काढा आणि लावून पाहा. नुसती पडून राहिलेली हार्ड डिस्क एक दिवस फिरायला नकार देते, आणि वीज न मिळालेल्या एसएसडीतला भार हळूहळू ओसरतो. मॅकच्या २०२५ च्या नव्या सिस्टिमने तर फायरवायर ओळखणंच सोडलं आहे, म्हणजे उशीर कराल तेवढं अवघड होत जाईल. केबल मिळत नसेल तर अमरावतीत माझ्याकडे फायरवायरच्या केबली आहेत आणि त्या ओळखणारा एक म्हातारा मॅकही आहे. घेऊन जा, काम झालं की परत आणून द्या. कॉपी जुळवूनच करा, आणि एक प्रत दुसऱ्या गावी ठेवा.